पाच मागे, एक पुढे

भावोजींना गाड्यांबद्दल सगळं ठाऊक होतं. झाकण उघडल्यावर आत काय दिसतं, तेवढं सोडून.

हे मत धाकटीचं. ते तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलणं हा तिचा प्रांतच नव्हे. अकरा वर्षं ती कारखान्याच्या मागच्या टेबलाशी उभी राहून गिअरबॉक्स उघडत होती, दुरुस्त करत होती, मिटत होती, आणि तोंड त्याहून घट्ट मिटत होती. मनातल्या मनात मात्र तिची जीभ करवतीसारखी चालायची. मनात बोललेलंही कुणीतरी ऐकत असतं, हे अजून तिच्या ध्यानात यायचं होतं.

कारखाना बाबांचा. गेल्या वर्षी त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि ते चाकांच्या खुर्चीत आले. उजवा हात शाबूत, कान तर दुप्पट शाबूत. बोलणं तेवढं सावकाश झालं, गंजलेला बोल्ट सोडवावा तसा एकेक शब्द यायचा. तेव्हापासून थोरलीचा नवरा कारखान्यात येऊ लागला. "मी हातभार लावतो," असं म्हणून आला होता. हात काही लागले नाहीत. भार तेवढा लागला. त्याआधी भावोजी पडदे विकायचे. पडद्यांचं एक बरं असतं, उलटे लावले तरी कुणाचा जीव जात नाही.

आल्या दिवशी त्यांनी निळा डगला शिवून घेतला. वर्ष झालं, त्यावर तेलाचा एक थेंब नव्हता. वेल्डरकाका, म्हणजे कारखान्यातला सगळ्यांत जुना माणूस, त्या डगल्याला 'लग्नाचा' म्हणायचा.

आता गाडीबद्दल. ती बाबांची स्वतःची. दोन माणसांची, बुटकी, चाळीस वर्षांची, टर्बो लावलेली. इंजिन सीटच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. बाबांनी ती तरुणपणी जळक्या सांगाड्याच्या रूपात विकत घेतली आणि हाडन् हाड जोडून उभी केली. इंजिन बलदंड, गिअरबॉक्स मात्र मूळचाच नाजूक. पैलवानाच्या पायात बाळाचे बूट घातल्यासारखा. टर्बोचा वारा भरला की इंजिन अंगात आल्यासारखं करायचं आणि तिसऱ्या गिअरचे दात मोडून हातात यायचे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा बाबांनी ठरवलं, की हा चार गिअरांचा बॉक्स काढायचा आणि मोठ्या गाडीचा पाच गिअरांचा, जाड दातांचा बसवायचा. तेवढ्यात ते आजारी पडले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

वसंत आला तशी त्यांनी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. शर्टाच्या खिशातून कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"ही गाडी," ते म्हणाले, "ज्याच्या हातून नीट बाहेर पडेल, कारखाना त्याचा."

आणि त्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिने "मी करते" एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण ती गप्प राहिली. तिला वाटलं, हे काय सांगायला हवं? अकरा वर्षं गिअरबॉक्स कोण करतंय, हे भिंतींनाही माहीत आहे. भिंती काही बोलल्या नाहीत.

"ह्यांना करू दे ना, बाबा," थोरली ताई म्हणाली. "ह्यांनी त्यावरचे सगळे व्हिडिओ पाहिलेत."

"पोहण्याचेपण पाहिलेत," वेल्डरकाका पुटपुटला. "परवा तलावातून मीच ह्यांना ओढून काढलं."

"काका, चेष्टा पुरे," भावोजी म्हणाले. "बाबा, तुम्ही निश्चिंत राहा. गाड्यांच्या क्लबातली माणसं बोलावतो. सगळ्यांसमोर गाडी काढून दाखवतो."

ज्याने मागितलं त्याला मिळालं, एवढंच झालं.

नवा बॉक्स लाकडी खोक्यातून आला. बाबांनी तो विकणाऱ्याला आजारपणाआधीच सगळं कळवून ठेवलं होतं. बॉक्सला तारेने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. भावोजींनी ती कापून काढली, न वाचता घडी घातली आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. कारण टेबल हललं की त्यांचा स्टँडवरचा फोन हलायचा, आणि त्यात त्यांचा चेहरा.

"मित्रांनो," ते फोनला सांगू लागले, "हा बॉक्स ज्या गाडीचा आहे, तिचं इंजिन पार शेपटीला असतं. आपल्या गाडीचं चाकांच्या पुढे आहे. म्हणजे बॉक्स उलट्या दिशेने बसणार. आता नवशिक्या माणूस काय करेल? तसाच बसवेल! मग पाचही गिअर मागे जायचे होतील आणि रिव्हर्स तेवढा पुढे नेईल. हॅ हॅ हॅ. म्हणून आतला क्राउन, हे बघा, हे ताटाएवढं दातेरी चाक, हे काढून पलीकडच्या बाजूला फिरवायचं. हे गुपित तुम्हाला कुणी सांगणार नाही."

गुपित चाळीस वर्षं जुनं होतं आणि बाबांनी ते धाकटीला ती झग्यात असताना सांगितलं होतं. पण भावोजींनी ते बरोबर सांगितलं, हे तिलाही कबूल करावं लागलं. क्राउन त्यांनी खरोखर फिरवला. दात नीट बसवायला दोन दिवस घेतले आणि त्यातला दीड दिवस चित्रीकरणात गेला. मग सगळ्या बॉक्सला मंद, बिनचकाकीचा काळा रंग दिला. पडद्यांच्या धंद्यातली सवय, वस्तू खिडकीत शोभली पाहिजे.

बाबांच्या कारखान्यात एक नेम होता. कुठलाही गिअरबॉक्स मिटल्यावर, गाडीला लावण्याआधी, त्याचा दांडा हाताने फिरवायचा. इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला. पहिला गिअर टाकायचा आणि दोन्ही अंगांच्या तबकड्या, ज्यांना पुढे चाकं जोडतात, कुठे फिरतात ते पाहायचं. तबकडीची वरची कड ज्या दिशेला जाईल, त्या दिशेचा बाण खडूने वर काढायचा. बॉक्स नवा असो, जुना असो, कालच उघडलेला असो. बाण चुकायचा नाही. जेवायला बसण्याआधी माणूस हात धुतो तसं.

"खडू शाळेत वापरतात," भावोजी म्हणाले होते. "आपण क्राउन फिरवलाय. आणखी काय बघायचं?"

मंगळवारी दुपारी ते जेवायला घरी गेले, तेव्हा धाकटी त्या बॉक्सपाशी गेली. स्वतःशी म्हणाली, सवय म्हणून बघते. दांडा हातात धरून फिरवला. पहिला गिअर. तबकडीची वरची कड पुढे जायला हवी होती. ती मागे गेली. तिने दांडा पुन्हा फिरवला. दुसरा टाकून पाहिला, तिसरा टाकून पाहिला. सगळे मागे. हाताने आपोआप खडू उचलला आणि त्या नव्या काळ्या रंगावर बाण काढला. पांढराशुभ्र, आणि उलटा.

कसं झालं असेल तेही तिच्या लक्षात आलं. विकणाऱ्याने क्राउन आधीच फिरवून पाठवला होता. भावोजींनी फिरवलेला पुन्हा फिरवला. बॉक्स आला तेव्हा क्राउन कुठल्या बाजूला आहे, हे बघायची त्यांना गरज वाटली नाही, कारण फिरवायचा असतो हे त्यांना माहीत होतं. अर्धं माहीत असलेला माणूस काहीच माहीत नसलेल्यापेक्षा जास्त झपाट्याने खड्ड्यात जातो.

ती सांगणार होती. देवाशपथ सांगणार होती. तोंडात वाक्य तयार होतं. तेवढ्यात भावोजी क्लबच्या अध्यक्षांना घेऊन आत आले. अध्यक्ष धंद्याने दंतवैद्य, हौसेने गाडीवाले.

"ही आमची मेव्हणीबाई," भावोजी म्हणाले. "बॉक्स पुसून-बिसून ठेवते. काय हो मेव्हणीबाई, खडू घेऊन कुणाची हजेरी घेताय?"

दंतवैद्य सभ्यपणे हसले. "क्राउन फिरवलात ना?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडेही क्राउन बसवतात, पण तो चुकला तर पेशंट ओरडतो तरी."

"फिरवला म्हणजे काय! ह्या हातांनी!"

धाकटीने त्या हातांकडे पाहिलं. नखं कापलेली, स्वच्छ, गुलाबी. मग कमरेचं फडकं काढलं आणि बाणावरून फिरवलं. एकदा, दोनदा. भावोजी दंतवैद्यांना रंग दाखवण्यात गुंतले होते, त्यांना बाण दिसलाही नाही.

बरं, असं तिने मनात म्हटलं. पुसून-बिसून ठेवलं हो भावोजी.

पुढचे चार दिवस ती इतकी नम्र होती की वेल्डरकाकाला संशय आला. "पोरी, बरं वाटतंय ना?" त्याने विचारलं. भावोजींनी पाने मागितले, तिने दिले. बॉक्स गाडीला लावताना तिने खालून आधार दिला. लिफ्टवर गाडी उचलून इंजिन सुरू केलं आणि गिअर टाकला तेव्हा चाकं सरसर मागे फिरली. भावोजी आत बसून काट्याकडे आणि फोनकडे बघत होते, बाहेर बघायला त्यांना सवड नव्हती. रविवारी क्लबसमोर गाडी निघणार, तोवर तिला जमीन दाखवायची नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पडदा उघडण्याआधी वस्तू दाखवायची नसते म्हणे.

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन धाकटीने अंगणात जुने टायर रचले. जिथे गाडी उभी राहणार, त्याच्या मागे दहा पावलांवर, भिंतीला लावून, छातीएवढी उंच रास. गाडीला ओरखडा येऊ नये. तिने सगळा विचार केला होता. टर्बो भरणार, क्लच सुटणार, भावोजी हात हलवत हलवत मागे जाणार आणि टायरांत बसणार. मऊ, गोल, भरपूर हसं. मंगळवारपासून हे दृश्य ती रोज निजताना बघत होती, जशी दुसरी माणसं देवाचं नाव घेत निजतात.

दहा वाजता पंधरा-वीस माणसं जमली. चौघांनी गाडी ढकलत बाहेर आणली, भावोजींनी ताडपत्री ओढली, टाळ्या झाल्या. ताईने नवी चप्पल घातली होती. भावोजी आत बसले, काचेतून सगळ्यांना नमस्कार केला आणि इंजिन सुरू केलं. अंगणातली खडी थरथरली.

तेव्हा धाकटीला दिसलं, की वेल्डरकाका बाबांची खुर्ची ढकलत गाडीच्या मागे नेतो आहे.

"तिकडे कशाला?" ती ओरडली. "पुढे न्या ना!"

"तेच म्हणतायत, मागे ने," काकाही ओरडला. "पुढून चेहरा दिसतो, गाडी मागून ऐकायची असते म्हणे."

त्याने खुर्ची गाडी आणि टायर यांच्या मधोमध उभी केली, खटका लावला आणि स्वतः बाजूला झाला. बाबांनी डोळे मिटले. उजवा हात कानामागे धरला.

इंजिनाचा आवाज चढला. टर्बोची शिट्टी सुरू झाली. धाकटी धावली. गर्दीतून कुणाच्या तरी पायावर पाय देऊन गाडीच्या खिडकीशी पोचली आणि काचेवर मूठ आपटली.

भावोजींनी काच खाली केली. "आता काय?"

"पहिला टाकू नका!"

"मग काय सरळ पाचवा टाकू? बाजूला हो!"

त्यांचा हात गिअरवर होता. तिने खिडकीतून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. अंगणात एवढी शांतता झाली की ताईच्या नव्या चपलेची कुरकुर ऐकू आली.

"बघा!" भावोजी दार उघडून ओरडले. "बघा सगळ्यांनी! वर्षभर हेच सोसतोय मी. पोटात दुखतं हिच्या!"

"एवढ्या लोकांत?" ताई म्हणाली. "लाज नाही वाटत तुला?"

वाटत होती. फक्त ताई म्हणत होती ती नव्हे.

"पहिला टाकला तर गाडी मागे जाईल," धाकटी म्हणाली. आवाज चिरका निघाला, वापरात नव्हता. "पाचही गिअर मागे जातात. मागे बाबा आहेत."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. दंतवैद्य हसले नाहीत. त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं.

"मला हलवा," बाबांचा आवाज आला. "मग बघू."

काकाने खुर्ची पार दारापर्यंत नेली. भावोजी तिरस्काराने आत बसले, तिरस्काराने किल्ली फिरवली, पहिला टाकला आणि सगळ्या जगाला दाखवून देत क्लच सोडला.

गाडी मागे उडाली. बाबांची खुर्ची जिथे होती तिथून सपकन गेली आणि टायरांत घुसली. रास कोसळली. एक टायर अंगणभर गडगडत आला आणि दंतवैद्यांच्या बुटाशी येऊन, विचार करून, आडवा पडला. भावोजींचा चेहरा काचेमागे पांढरा झाला होता. पण अभिमान असा सहजी मरत नाही. त्यांनी दुसरा टाकला. गाडीने उरलेले टायर भिंतीपर्यंत रेटले.

"रिव्हर्स टाक," बाबा म्हणाले.

त्यांनी टाकला. तेव्हा कुठे चाळीस वर्षांची टर्बो गाडी, कण्हत, बैलगाडीच्या चालीने पुढे निघाली.

"घरी परतायची फार घाई असणाऱ्यांसाठी उत्तम आहे," दंतवैद्य म्हणाले, आणि मग अंगणात असं हसं झालं की रोज निजताना पाहिलेलं त्यापुढे काहीच नव्हतं. धाकटी त्यात सामील झाली नाही.

माणसं पांगल्यावर बाबांनी गाडी लिफ्टवर घ्यायला लावली. खुर्चीतून मान वर करून ते बराच वेळ बॉक्सकडे बघत राहिले.

"विकणाऱ्याची चिठ्ठी?"

काकाने टेबलाच्या पायाखालून पुठ्ठा ओढून काढला, उलगडला आणि वाचला. "क्राउन फिरवून दिला आहे. पुन्हा फिरवू नये." टेबल डुगडुगलं.

"असं लिहितात का कुठे," भावोजी म्हणाले. "ठळक अक्षरात तरी लिहायचं."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांचं बोट वर रोखलेलं होतं. बॉक्सच्या काळ्या रंगावर, एका कडेला, पांढुरकं काहीतरी फरपटलेलं होतं. मंद रंगातून खडू पूर्ण जात नाही.

"हा खडू कुणाचा?"

"माझा नाही," भावोजी घाईघाईने म्हणाले. "मी खडू वापरत नाही." वर्षातलं हे त्यांचं पहिलं खरं वाक्य असावं.

"माझा," धाकटी म्हणाली.

"कधीचा?"

"मंगळवारचा."

"बाण काढलास?"

"काढला."

"मग?"

फडकं अजून तिच्या कमरेलाच होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. पुढे काही विचारायची त्यांना गरज उरली नाही.

"टायर पण तूच रचलेस," ते म्हणाले.

"तिथे कुणी बसणार नव्हतं, बाबा."

"बसलं."

त्यांनी श्वास घेतला. शब्द जमवायला त्यांना वेळ लागत होता, आणि तिला वाटलं, आज न जमले तर बरं.

"ह्याला दिसलं नाही. तो गाढव आहे. त्याच्यावर रागावता येतं." भावोजींनी तोंड उघडलं, ताईने त्यांची बाही ओढली. "तुला दिसलं. तुझं मी काय करू?"

बाबांनी टेबलावरचा जुडगा उचलला आणि परत शर्टाच्या खिशात टाकला.

"बॉक्स उतरवा. दोघं मिळून. तो खोलेल." मग धाकटीकडे वळून म्हणाले, "तू हात लावायचा नाहीस. तू सांगायचंस. तोंडाने."

शिक्षा दोघांना सारखीच जड होती. बाबांचं मापाचं काम नेहमीच अचूक.

नऊ दिवस लागले. एरवी तिला तीन लागले असते. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिला बोलावं लागायचं. "भावोजी, तो पाना उलटा धरलाय तुम्ही." "भावोजी, बोल्ट मोजून ठेवा." "तो नाही. तोही नाही. जो हातात होता तोच." तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. पाचव्या दिवशी त्या लग्नाच्या डगल्यावर खांद्यापासून कोपरापर्यंत तेल सांडलं आणि भावोजी त्याकडे असं बघत राहिले, जणू घरातलं कुणी गेलं. तरी क्लबमध्ये ते सांगतच होते, की रविवारचा सगळा प्रकार सुरक्षेच्या चाचणीचा होता, आणि एवढ्या वेगाने मागे जाणारी दुसरी गाडी कुणी दाखवून द्यावी.

नवव्या दिवशी बॉक्स मिटला. तिने त्यांना दांडा फिरवायला सांगितला.

"पहिला टाका. आता वरची कड बघा. कुठे गेली?"

भावोजींनी डोळे बारीक केले. "पुढे."

"नक्की?"

"पुढे म्हणजे पुढे!"

"मग बाण काढा."

मेलेली पाल शेपटीला धरावी तसा त्यांनी खडू दोन बोटांत धरला. जीभ दातांत पकडून बाण काढला. लांब, वाकडा, आणि बरोबर मागच्या दिशेला.

धाकटीने बाणाकडे पाहिलं. कमरेला फडकं होतं. दाराबाहेर बाबांची खुर्ची उन्हाला लावलेली होती, आणि त्यांची पाठ इकडे होती.

"उलटा काढलात," ती म्हणाली. दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "पुसा, आणि पुन्हा काढा."

बाहेर, बाबांच्या शर्टाच्या खिशात, किल्ल्या एकदा वाजल्या.